टाकीचा पाइप मी ठरवला

माझ्या धाकट्या लेकीने परवा पुण्याहून फोनवर तिच्या नव्या घरातली माशांची टाकी दाखवली. चांगली सोफ्याएवढी लांब. खाली कपाटात दुसरी छोटी टाकी, त्यात पंप, आणि तिथून वर पाणी नेणारी बोटाएवढी नळी. मी चष्मा सावरला आणि म्हटलं, "बाई, ही नळी कोण्या शहाण्यानं बसवली?" ती म्हणाली, "आई, दुकानवाल्यानंच दिली, पंपासोबतचीच आहे." म्हटलं, "पंपासोबतची असो का इंद्राच्या दरबारातली, बारीक आहे. काढून टाक." तिचा नवरा मागे उभा राहून हसत होता. हसू दे बापडा. त्याला कुठे माहीत आहे की यवतमाळकडच्या बोरी अरबला माझ्या माहेरच्या घरात याच विषयावर मी कोणाकोणाला गप्प बसवलं आहे! ते सगळं एकदा लिहायचं होतंच. वाचून कोणी म्हणालं की म्हातारी स्वतःचीच आरती ओवाळते, तर म्हणू द्या. ओवाळण्यासारखं केलं तर ओवाळायची नाही का?

आमचं घर स्लॅबचं, गावाच्या दारव्ह्याकडच्या अंगाला. पुढे बैठकीची खोली, तिला लागून मधली खोली, मागे स्वयंपाकघर. दिवाळी झाली की मधली खोली कापसाची. दिवसभर बाया वेचायच्या, संध्याकाळी गाठोडी यायची, अंगणात तराजू लागायचा, आणि मग तो सगळा पांढरा ढीग आत. संक्रांतीपर्यंत तो छताला टेकायला यायचा. त्यात उड्या मारायला मला बंदी होती आणि मी मारायचेच. मागून चुलीवरच्या तुरीच्या सोल्यांच्या भाजीचा वास, तव्यावर कळण्याची भाकर, पाट्यावर जवसाची चटणी, आणि या सगळ्याच्या वर कापसाचा तो कोरडा, थोडा तेलकट वास. तो वास मला आजही जिनिंगच्या कारखान्यासमोरून एसटी गेली की येतो आणि मी खिडकी उघडते. आईला त्या महिन्यांत एकाच गोष्टीची धास्ती असायची, ती म्हणजे पाणी. भरलेली घागर ती मधल्या खोलीतून नेऊ द्यायची नाही, अंगणातून वळसा घालून मागच्या दाराने न्यायची. ओला कापूस पिवळा पडतो, ढिगाच्या आत गरम होतो, आणि वर्षभराची मेहनत मातीत जाते.

बाबा कापसाच्या गाडीवरूनच पडले होते, मी अकरावीत गेले त्याच्या आदल्या हंगामात. बैलगाडीत उंच भरलेल्या कापसावर बसून ते जिनिंगकडे निघाले, नाल्यात चाक उतरलं आणि ते वरून खाली आले. खुब्याचं हाड मोडलं. हाड पुढे जुळलं, डॉक्टर म्हणाले आता काठी घेऊन चाला, पण बाबा चालेनात. वावर धाकट्या काकांनी, दिगूकाकांनी, पाहायला घेतलं. आणि ज्या माणसाची हाक तीन वावरांपलीकडे ऐकू जायची, तो बैठकीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. "जेवता का?" "हं." "चहा ठेवू का?" "नको." बस, एवढंच. आई देवापुढे रडायची आणि आमच्यापुढे भांडायची. मला तेव्हा बाबांचा राग यायचा, आणि त्या रागाखाली भीती होती.

त्यांना त्यातून काढलं माशांनी. माझे मामा यवतमाळला नोकरीला. भेटायला आले तेव्हा विरंगुळा म्हणून काचेच्या बरणीत दोन सोनेरी मासोळ्या घेऊन आले. आई म्हणाली, आणायचं होतं तर खायची तरी आणायची! पण बाबा कुशीवर वळले ते भिंतीकडे नाही, बरणीकडे. चार दिवसांनी म्हणाले, "हे बरणी लहान पडते यायले." झालं. मग लोहाराकडून लोखंडी चौकट, दारव्ह्याहून जाड काचा, विटांचा ओटा, आणि बघता बघता बाबांच्या खाटेसमोर खाटेएवढीच टाकी उभी राहिली. मासोळ्या वाढल्या. एका ढेरपोट्याचं नाव बाबांनी सरपंच ठेवलं, आणि माणूस दिसलं की दगडामागे लपणारा एक होता त्याचं नाव तलाठी. आई सगळ्यांना मिळून "माह्या सवती" म्हणायची. बाबा हसायचे. फार नाही, ओठांच्या कोपऱ्यात, पण हसायचे. त्या कोपऱ्यातल्या हसण्यासाठी मी दहा टाक्या घासल्या असत्या.

टाकीचं तंत्र बाबांनी खाटेवरून सांगितलं आणि दिगूकाकांनी व मी ते बसवलं. टाकीच्या काठाजवळ एक भोक. तिथून जादा पाणी खालच्या कापलेल्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये उतरायचं. ड्रममध्ये रेती, कोळसा, फोम. त्यातून पाणी गाळून निघायचं आणि तळाशी ठेवलेला पंप ते पाइपातून परत वर टाकीत चढवायचा. पंप आमच्या मोठ्या कुलरचा. थंडीत कुलर माळ्यावर जातो, पंप रिकामाच असतो. आणि पाइप? पाइप बाबांनी अर्धा इंची सांगितला, कोपऱ्याकोपऱ्यावर एल्बो लावून काटकोनात छान बसवून घेतला, आणि त्याचं तोंड टाकीच्या तळापर्यंत बुडवलं, खालचा गाळ हलला पाहिजे म्हणून.

इथे बोरीच्याच काय, आमच्याकडच्या कोणत्याही कास्तकाराने केली असती ती चूक झाली. आमच्याकडे जन्मल्यापासून मुलं पाहतात की रबरी नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं की धार लांब जाते. त्यातून सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे: पाइप बारीक तर जोर जास्त. बाबा तर ही गोष्ट लोकांना समजावून सांगायचे. पण टाकीत वर येणारं पाणी होतं पाहुण्याला हात धुवायला घालतात तेवढं. मासोळ्या वाढल्या तसं ते पुरेना. दुपारी सगळ्या वर येऊन तोंड उघडून हवा गिळायच्या. सरपंच तर एका अंगावर कलायला लागला. बाबा त्यांच्याकडे बघत बसायचे आणि ताटातली भाकर तशीच राहायची.

आणि मग लाइन गेली. म्हणजे रोजच जायची, लोडशेडिंगचा काळ तो. पण ड्रम त्या दिवशी जरा काठोकाठ भरला होता. पंप बंद पडला आणि वरचं पाणी त्याच पाइपाने उलटं खाली येऊ लागलं. तोंड तळाशी बुडलेलं, त्यामुळे थांबेचना. ड्रम भरून वाहिला, आणि आमच्या गवंड्याने फरशीचा उतार नेमका मधल्या खोलीकडे काढून ठेवलेला! कापसाची कड भिजली. आईने बोंबलत तो अंगणात खाटांवर पसरला, उलटापालटा करून वाळवला. दिगूकाका म्हणाले, "वैनी, घाबरता कायले? विहिरीवर काय करतो आपण? फूटवाल टाकतो. एकडाव वर गेलेलं पाणी वापस येतेच कसं पायतो." त्यांनी पाइपाच्या बुडाशी छोटा वाल बसवला, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा. काही दिवस बरं चाललं. पण विहिरीचं पाणी स्वच्छ असतं, माशांच्या ड्रममध्ये घाण असते. वालाच्या तोंडात रेतीचा खडा आणि शेवाळ अडकलं, तो मिटेना, आणि पुन्हा लाइन गेली तेव्हा ढिगाचा चांगला हातभर भाग ओला झाला.

त्या दिवशी आई बोंबलली नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. ती बाबांच्या खाटेजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "म्या आजवर काई म्हटलं नाई. पण हा कापूस म्हणजे माह्या लेकरायच्या तोंडचा घास हाय. बजाराच्या दिवशी हे टाकी खाली झाली पायजे. मासोळ्या विहिरीत सोडा, नाई तं देऊन टाका कोणाले."

बाबा तिच्याशी भांडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "कर तुले काय करायचं ते," आणि भिंतीकडे वळले. तेच जुनं वळणं. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मासोळ्यांना चारा घालायलाही उठले नाहीत, मीच घातला. टाकी गेली तर माणूस पुन्हा त्या भिंतीत जाणार होता, हे मला दिसत होतं आणि आईलाही दिसत होतं. पण आईचं तरी काय चुकलं होतं? कापूस तिनेही वाकून वाकून वेचला होता.

मी म्हटलं, "आई, बजार येऊ दे. तोवर मले एक डाव पाहू दे."

दिगूकाका सुपारी कातरत होते. "तू काय पाहशीन वं बेबे? अकरावीत सायन घेतलं तं इंजिनेर झाली काय?"

"झाली नाई काका. पण बादली भरता येते मले."

खरं सांगते, मला तेव्हा पुस्तकातलं काही सुचलं नव्हतं. मला फक्त एवढं खटकत होतं की पाणी जास्त येतं की कमी, यावर गावभर लोक वाद घालतात आणि बादली कोणी लावत नाही. मी अंगणात टिपाडात पाणी भरलं, त्यात पंप ठेवला, टाकीच्या उंचीएवढ्या भिंतीवरून पाइपाचं तोंड पलीकडे सोडलं आणि खाली बादली. पाइपाचे तुकडे काकांच्याच ढिगातून काढले: अर्धा, पाऊण, एक, दीड. लहान-मोठं जोडायला रिड्यूसर तर प्रत्येक कास्तकाराच्या घरी खोकाभर असतात. अडलं ते घड्याळापाशी. घरचं भिंतीवरचं घड्याळ बंद, आणि काका त्यांचं मनगटावरचं द्यायला तयार नव्हते. मग मी आईलाच धरलं. आईला तीसपर्यंत पाढे पाठ. तिच्या वडिलांनी जात्यावर बसवून म्हणून घेतलेले, त्यामुळे लयही जात्याची, ना एक शब्द पुढे ना मागे. म्हटलं, "आई, पंप चालू केला की बारापासून पाढे म्हण. बादली भरली की थांब."

"याच्यासाठी मले काम सोडून बसवतं तू?" म्हणत ती बसली. शेंगा सोलता सोलता सुरू झाली. बाबांची खाट काकांनी दारात आणून ठेवली होती. ते आमच्याकडे बघत नव्हते असं दाखवत होते. अर्ध्या इंचीने बादली भरेपर्यंत आई सतराचा पाढा संपवून अठरात शिरली. मी पाइप बदलला. एक इंची लावला. वरून पाणी काही उडालं नाही, नुसतं भदाभदा पडलं, आणि आईचा चौदाचा पाढा पुरा होतो न होतो तोच बादली सांडायला लागली.

"अशी कशी?" दारातून आवाज आला. बाबा कोपरावर उठून बसले होते. "पाइप मोठा केला तं धार मरते!"

"धार मरते बाबा, पाणी नाई मरत. बारीक पाइपात पाणी साऱ्या अंगानं घासत जाते, पंपाचा जीव त्यातच जाते."

"तुही माय हळू म्हणून राह्यली पाढे!"

आई उसळली. "म्या? म्या हळू? मंग म्हणा नं तुमीच!"

आणि बाबांनी म्हटले. खाटेच्या कडेला पाय सोडून, मांडीवर हात आपटत, बारा एके बारापासून, असे खणखणीत की शेजारची म्हातारी कुंपणाशी येऊन उभी राहिली. वर्षभरात त्या घराने तो आवाज ऐकला नव्हता. मी पाठ फिरवून पंपाची वायर बघायचं सोंग केलं, कारण मला रडू फुटलं होतं. अर्धी इंची, एक इंची, परत अर्धी, परत एक. प्रत्येक वेळी बाबांनी स्वतः पाढे म्हटले आणि प्रत्येक वेळी ते हरले. शेवटी कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे बाप्पा! म्हणजे इतके वर्षं म्या लोकायले उलटंच सांगतलं!"

पण आमच्या घराण्याचा स्वभाव, पटलं की टोकालाच जायचं. लगेच म्हणाले, "मंग दीड इंची टाक, दोन इंची टाक!" मी दीड लावून दाखवला. आईच्या चौदाच्या पाढ्यातले शेवटचे दोन आकडे तेवढे म्हणायचे वाचले. या पंपात तेवढंच पाणी होतं, त्याला दोन इंचाचा राजरस्ता देऊन काय करणार? शिवाय जाड पाइपाच्या पोटात जास्त पाणी राहतं, लाइन गेली की ते सगळं खाली येणार. एक इंची, बस. आज कोणी म्हणेल हे तर फोनवर दोन मिनिटांत सापडतं. सापडत असेल. आम्ही ते आईच्या पाढ्यांवर काढलं आणि ते चुकलं नाही.

पाइप मी बसवला. काटकोनी एल्बो काढून फेकले. पाणी प्रत्येक वळणावर अडखळतं. एक इंची पाइप पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, जाळावर फिरवत मऊ केला आणि काकांनी व मी तो हळूच वाकवला, गोल, एकसंध. तोंड तळातून काढून पाण्याच्या वरच्या थराशी आणलं, आणि पाण्याच्या रेषेच्या जरा खाली तापवलेल्या दाभणाने पाइपाला एक छिद्र पाडलं. काका म्हणाले, "चांगल्या पाइपाले भोक कायले पाडतं वं?" म्हटलं, पाणी उलटं ओढलं जाऊन थोडं खाली गेलं की हे छिद्र उघडं पडेल, हवा आत जाईल आणि ओढ तुटेल. तो वाल काढून टाकला. मग पंप बंद करून पाहिलं, कितीक पाणी खाली येतं, आणि तेवढी जागा रिकामी ठेवून ड्रमला आतून विळ्याच्या टोकाने खूण केली. याच्या वर भरायचं नाही, कोणीही.

त्याच दिवशी टाकीतलं पाणी हललं. आधी ते नुसतं असायचं, आता ते वाहत होतं. संध्याकाळपर्यंत सरपंच सरळ झाला आणि तलाठी दगडामागून बाहेर आला. बाबा म्हणाले, "पाय, साहेब हापिसात आले!" पण आई हसली नाही. बाजाराचा दिवस उद्यावर होता आणि ती म्हणाली, लाइन गेल्यावर पाहीन.

दुसऱ्या दिवशी दुपारी, लाइन जायच्या वेळेला, ती देवघरातून एक पितळी परात घेऊन आली. वेचणीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात. घरची बाई वावरात दहीभात ठेवून पूजा करते आणि पहिल्या झाडांचा कापूस आपल्या ओटीत वेचते. तो विकायचा नसतो, वर्षभर देवाच्या वाती त्याच्याच होतात. परातीत तो कापूस होता. आईने तो ड्रमला लागून, उघड्या फरशीवर पसरला. मी म्हटलं, "आई, हा नको!" ती म्हणाली, "तुले भरोसा हाय नं? मंग मलेही हाय." सगळ्यांपुढे तोऱ्यात बोलणं वेगळं, आणि आईने असा भरोसा टाकणं वेगळं.

लाइन गेली. पंप गप्प झाला. पाइपातून पाणी उलटं उतरायला लागलं, ड्रममध्ये चढायला लागलं. खुणेच्या वर गेलं. काका सुपारी चघळायचे थांबले. अजून चढलं. मग पाइपाच्या छिद्रातून कोणी दातातून हवा ओढावी तसा आवाज आला, पाइपात गुडगुड झाली, आणि पाणी थांबलं. काठाच्या खाली. आई वाकली, तिने कापूस तळहाताने दाबून पाहिला, मग गालाला लावून पाहिला. कोरडा होता. तिने तो परातीत भरला, जाता जाता माझ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, "सवतींले खाऊ घाल वं कोणी, उपाशी असतीन."

टाकी राहिली. पण मला लिहायचं आहे ते त्यानंतरच्या आठवड्यातलं. दिगूकाकांना विहिरीपासून खालच्या वावरापर्यंत नवा पाइप टाकायचा होता. ते बैठकीत आले आणि नेहमीसारखं बाबांना विचारलं, "भाऊ, किती इंची घेऊ?"

बाबा मासोळ्यांना चारा घालत होते. मान न वळवता म्हणाले, "मले काय इचारतं? बेबीले इचार."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या घरात पुरुषाने पाइपासारखी गोष्ट पोरीला विचारायची पद्धत नव्हती, आणि बाबांना ते माझ्याहून जास्त माहीत होतं. मी दम खाल्ला आणि म्हटलं, "विहीर ते वावर मोजल्याशिवाय मी सांगत नाई काका. अन् चढ किती आहे तेही पाहावं लागेल."

"मंग चाल," काका म्हणाले. हसले नाहीत.

मी मोजायला दोरी घेऊन दारात गेले तोच मागून खाट करकरली. "माही काठी कुठी हाय?" बाबा उभे होते. आई पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली. "अवो, कुठी निंघाले?"

"वावरात. पोट्टी मोजून राह्यली, अन् मी घरात कायले बसू?"

काकांनी गाडी जुंपली. बाबा चढताना थरथरले, पण चढले, आणि नाला आला तेव्हा त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. वावरात पोचल्यावर काका दोरीचं एक टोक धरून विहिरीशी थांबले आणि मी दुसरं टोक घेऊन पऱ्हाटीतून खाली चालत गेले. बाबा धुऱ्याच्या बांधावर काठी रोवून उभे. रस्त्याने जाणारे थांबत होते, सायकलवरून उतरत होते, विचारत होते, "भाऊ, लय दिवसानं! तब्येत कशी हाय?"

बाबांनी एकालाही तब्येत सांगितली नाही. काठी उचलून माझ्याकडे दाखवत, त्यांच्या त्या जुन्या, तीन वावरांपलीकडे जाणाऱ्या आवाजात ते सगळ्यांना एकच सांगत होते, "ते पाहा! माही पोट्टी हाय ते. पाइप ठरवून राह्यली."